तीन तांदळांची घट

एखाद्याच्या नावाला बट्टा लागला असे आपण सहज म्हणतो, आणि नकळत सराफकट्ट्याची भाषा बोलत असतो. नाणे झिजलेले असो, जुन्या सालाचे असो, परमुलखातल्या टांकसाळीचे असो की हिणकस असो, ते घेताना सराफ जी रक्कम कापून घेई ती म्हणजे बट्टा. बंदा रुपया, खणखणीत नाणे, बावनकशी माणूस, कसाला उतरणे, ही सगळी बोली नाण्याच्या आणि सोन्याच्या पारखीतून मराठीत आली. गंमत अशी की आज दुर्मिळ सोन्याची नाणी जमवणारा संग्राहक नाण्याच्या अवस्थेविषयी बोलू लागला, की यांतला एकही शब्द त्याच्या तोंडी येत नाही. तो आकड्यांत बोलतो: अठ्ठावन्न, त्रेसष्ट, पासष्ट. हा फरक केवळ शब्दांचा असता तर त्यावर लिहिण्यासारखे काही नव्हते. पण मुळात पारख करताना विचारायचा प्रश्नच बदलला आहे. नवा प्रश्न यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी घडवलेला आहे. तो हाताने पाडलेल्या भारतीय सोन्याच्या नाण्यांना लावला, की इतिहासाला जे हवे असते नेमके तेच दोष म्हणून खाती पडते.

आधी एक समज दूर केला पाहिजे. नाण्याच्या अवस्थेची प्रतवारी लावणे ही काही आधुनिक संग्राहकांची कल्पना नव्हे. अबुल फज़लच्या 'आईने अकबरी'त अकरा मासे वजनाच्या मोहरेची जी प्रतवारी दिली आहे, ती कोणत्याही आजच्या तक्त्याइतकी काटेकोर आहे. पूर्ण वजनाच्या मोहरेची किंमत ३६० दाम. वापरून तीन तांदळांपर्यंत घट झाली असेल तर ती पूर्ण वजनाचीच मानायची. चार ते सहा तांदूळ घट झाली तर ३५५ दाम, सहा ते नऊ झाली तर ३५० दाम. त्याहून हलकी मोहर नाणे राहत नाही, नुसते सोने होते. आठ तांदळांची एक गुंज आणि आठ गुंजांचा एक मासा असा हिशेब धरला तर अकरा मासे म्हणजे ७०४ तांदूळ. तीन तांदळांची सूट म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कायद्याने सॉव्हरिनला १२३.२७ ग्रेनवरून १२२.५ ग्रेनपर्यंत उतरू दिले, म्हणजे साधारण ०.६ टक्के. तीनशे वर्षांच्या आणि दोन खंडांच्या अंतरावरचे हे दोन दंडक एकमेकांच्या इतके जवळ यावेत, याचे कारण सोन्याचा मऊपणा आणि व्यापाऱ्याचा चिवटपणा सगळीकडे सारखाच असतो.

मात्र अकबरी तक्त्यात एक बारकावा आहे. सहा तांदळांची घट म्हणजे पाऊण टक्क्याच्या थोडी वर, पण कपात ३६० दामांत पाचाची, म्हणजे जवळजवळ दीड टक्क्याची. नऊ तांदळांची घट सव्वा टक्क्याची, तर कपात पावणेतीन टक्क्यांची. गेलेल्या सोन्याच्या दीडपटीहून अधिक किंमत उतरते. म्हणजे बट्टा फक्त सोन्याचा नव्हता, भरवशाचाही होता. झिजलेली मोहर पुढच्या माणसाला देताना पुन्हा तोलावी लागणार, पुन्हा हुज्जत होणार, या त्रासाची किंमत त्यात धरली होती. तेव्हा सराफाची पारख म्हणजे निव्वळ तराजू आणि संग्राहकाची पारख म्हणजे निव्वळ रसिकता, अशी सोपी विभागणी मी करणार नाही. दोघेही नाण्याकडे बघून त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचा विचार करतात. फरक असा की सराफाच्या लेखी झीज म्हणजे मोजता येणारे नुकसान होते, आणि ते मोजून झाले की नाणे पुन्हा चालू लागे.

दख्खनेत या मोजणीला पर्यायच नव्हता, कारण इथे एका राज्याचे एक नाणे असा प्रकार नव्हता. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या सोन्याच्या नाण्यांची जी यादी येते, तिच्यात पुतळ्या आहेत, पातशाही होन आहेत, देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई, धारवाडी आहेत, फलम आहेत, आणि या गर्दीत शिवराई होनही आहे. विजयनगरचा होन सुमारे ३.४ ग्रॅमचा, शिवराई होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. दोन्ही होनच. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, रायगडावर असलेल्या हेन्री ऑक्झेंडेन या इंग्रज वकिलाने महाराजांची सुवर्णतुला सुमारे १६,००० होनांची झाल्याचे लिहून ठेवले. त्यावरून महाराजांचे वजन काढण्याचा मोह अनेकांना होतो. पण होन विजयनगरच्या वजनाचा धरला तर ५४ किलो येतात आणि शिवराईच्या वजनाचा धरला तर ४४. कोणता होन, हे ठरवल्याशिवाय गणित मांडण्यात अर्थ नाही, आणि त्या काळी बाजारात बसलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावे लागत नव्हते.

याच ऑक्झेंडेनने मांडलेल्या तहाच्या कलमांत एक कलम नाण्यांविषयी होते. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १६७२ पासून स्वतःची नाणी पाडायला सुरुवात केली होती आणि ती मराठी मुलखात चालावीत अशी इंग्रजांची मागणी होती. बाकीची बहुतेक कलमे मान्य झाली, हे मात्र अनावश्यक ठरले. लोकांनी अमुक नाणे घ्यावे अशी सक्ती करता येत नाही, पण इंग्रजांचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके शुद्ध आणि वजनदार असेल तर त्याला मनाईही नाही, असा उत्तराचा आशय होता. या उत्तराकडे सार्वभौमत्वाच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले आहे. मला त्यात पारख्याची बाजू अधिक दिसते. नाण्यावर कुणाचे नाव आहे यापेक्षा ते कसाला आणि काट्याला किती उतरते यावर त्याची चाल ठरते, ही गोष्ट नुकतेच स्वतःच्या नावाचे नाणे पाडलेला राजा सांगतो आहे. गावगाड्यात वसुलाचे नाणे पारखून घेणारा पोतदार, बहुधा सोनारच, याच तत्त्वावर चालत होता. कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची, माहितीच्या सोन्याच्या रेघेशी रंग ताडून बघायचा, फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, तोलायचे. शंका फिटली नाही तर छिन्नीने बारीक चीर पाडून आत बघायचे. या प्रत्येक परीक्षेची खूण नाण्यावर राहू शकते, आणि इथूनच आपला वाद सुरू होतो.

तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै संस्थानात १८९८ मध्ये रोमन सोन्याच्या नाण्यांचा एक साठा सापडला, ५०१ नाणी. यांतल्या दहांपैकी नऊ नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीची चीर गेलेली आहे. लिलावाच्या भाषेत हे सरळ 'विद्रूप' नाणे. पण चीर का मारली, यावर अभ्यासकांनी शतकभर डोके लढवले आहे. आत तांबे भरलेले नाही ना हे बघायला? तसे असते तर कडेला एक टोचा पुरेसा होता, चेहराच कशाला हवा? परक्या राजाच्या प्रतिमेचा राग म्हणून? शक्य आहे, पण मग उरलेल्या दहाव्या हिश्शाला माफी का? साठ्यातली पुष्कळ नाणी बरीच झिजलेली आहेत. त्यामुळे तिसरे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते: हलकी झालेली नाणी नगावर चालू नयेत, वजनावरच चालावीत, म्हणून कुणीतरी ती चलनातून बाद केली. चिरेने सोने रतीभरही कमी होत नाही. कमी होतो तो चेहऱ्याचा अधिकार, म्हणजे न तोलता चालण्याचा हक्क. अकबराच्या दरबारी नऊ तांदळांवर जी रेघ ओढली गेली तीच इथे, हे स्पष्टीकरण खरे असेल तर, दीड हजार वर्षे आधी छिन्नीने ओढलेली दिसते. रोमन साम्राज्यात पाडलेल्या त्या नाण्यावर हिंदुस्थानात उमटलेली एकमेव गोष्ट ही चीर आहे. ती वगळून नाण्याची किंमत करायची, तर ते भूमध्य समुद्राकाठी सापडलेल्या नाण्याहून वेगळे कशाने?

याच किनाऱ्याची अधिक ओळखीची गोष्ट पुतळीची आहे. व्हेनिसचा डुकाट तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत, पाचशे वर्षे, जवळजवळ शुद्ध सोन्याचा आणि साडेतीन ग्रॅम वजनाचा राहिला. अशी सचोटी कोणत्याही बाजाराला मोहात पाडते. नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख असतो. आपल्याकडच्या लोकांना त्याचे नाव-गाव माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना दोन बाहुल्या दिसल्या, म्हणून नाणे झाले पुतळी, आणि पुतळ्यांची झाली माळ. पुढे मागणी इतकी वाढली की इथले सोनार स्वतःच पुतळ्या घडवू लागले. त्यांवरची लॅटिन अक्षरे म्हणजे अक्षरांच्या आकाराची नक्षी. आता माळेतून निघालेली खरी व्हेनिशियन पुतळी घ्या. तिला वर कडी लावल्याचा डाख आहे किंवा छिद्र आहे, आणि अंगाला लागणारी बाजू गुळगुळीत झाली आहे. आजच्या प्रतवारी करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकडा देतच नाहीत. 'छिद्र', 'दागिन्यातून काढलेले', 'साफ केलेले' असा शेरा मारून त्याला पंगतीबाहेर बसवतात. पण पुतळी इथे नुसते पाकिटातले चलन म्हणून नांदली नाही. ती गळ्यात राहिली, अडीअडचणीला मोडली, लेकीसुनांना वाटून दिली. छिद्र हा तिच्या इथल्या कामाचा दाखला आहे. ते कुठे पाडले आहे हेसुद्धा बोलके असते. आकृतीच्या डोक्यावर असेल तर वर कोणते आणि खाली कोणते हे घालणाराला कळत होते. फारसी लेखाच्या मोहरेवर छिद्र ओळीच्या पायथ्याशी आले असेल, तर ते पाडणाऱ्याला ओळ वाचता येत नव्हती असे मानायला जागा आहे.

मग आकड्यांची पद्धत आली कुठून? एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याला आणि मुंबईला वाफेच्या टांकसाळी उभ्या राहिल्या. १८३५ च्या कायद्याने कंपनीची नाणी सगळीकडे एका मापाची झाली, आणि त्या सालची सिंह आणि ताडाचे झाड असलेली मोहर ११.६६ ग्रॅमची, बावीस कॅरटची, प्रत्येक नग दुसऱ्यासारखा. १९१८ मध्ये मुंबईत पाडलेले सुमारे तेरा लाख सॉव्हरिन आणि त्याच मापाच्या सुमारे एकवीस लाख पंधरा रुपयांच्या मोहराही अशाच. सगळी नाणी सारखी जन्मली की जन्मानंतर काय बिघडले एवढेच मोजायचे उरते. या कल्पनेला आकड्यांचे रूप दिले विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, १९४९ मध्ये, आणि तेही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. ओळखण्यापलीकडे झिजलेले नाणे एक, निर्दोष नाणे सत्तर, आणि सत्तरच्या नाण्याला एकच्या सत्तरपट भाव, असा त्यामागचा हिशेब होता. भावाचा हिशेब लवकरच मोडला, आकडे मात्र राहिले. १९८६-८७ मध्ये पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्यांनी नाणे तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून देण्याचा धंदा सुरू केला, आणि तांब्याच्या सेंटचा हा तक्ता जगभरच्या सोन्याला लागू झाला. त्रेसष्ट आणि चौसष्ट यांच्यात तांदळाएवढेही सोने कमी-जास्त नसते. भावात मात्र मोठी उडी पडू शकते.

या तक्त्याचा घोळ कळण्यासाठी देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक समोर ठेवावेत. पावणेचार ग्रॅमच्या आसपासचे हे सोन्याचे नाणे एका ठशात पाडलेले नाही. मधले कमळ, राजाचे नाव, श्री, शंख, ही चिन्हे वेगवेगळ्या ठशांनी एकेक करून ठोकलेली आहेत, आणि त्या ठोक्यांनी पत्रा वाटीसारखा खोलगट झाला आहे. एखाद्या नाण्यावर कमळ खोल आणि नाव उथळ असते, दुसऱ्यावर उलट. उथळ उमटलेले अक्षर आणि झिजून गेलेले अक्षर या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, पण पहिलीचा जबाब कारागिराने द्यायचा आणि दुसरीचा बाजाराने. एकाच आकड्यात दोन्ही कोंबल्या की कुणाचाच जबाब उरत नाही. प्राचीन ग्रीक-रोमन नाण्यांच्या बाबतीत हे बाजाराच्याही ध्यानात आले. तिथे एनजीसीच ठशाला पाचपैकी आणि पृष्ठभागाला पाचपैकी असे वेगळे गुण देते. भारतीय सोन्याला हा न्याय लावायला अडचण कोणती?

दुसऱ्या टोकाला उलटा घोळ आहे. मोगल टांकसाळी नजराण्यासाठी खास रुंद, गोल, पूर्ण लेख उमटलेली नाणी पाडत. १८३५ च्या दुहेरी मोहरेच्या तर टांकसाळीने पुढे संग्राहकांसाठी जुन्या धर्तीवर पुन्हा प्रती काढल्या. ही नाणी आकड्यांत वरचढ ठरणारच, कारण ती कुणाच्या हातातून हातात गेलीच नाहीत. सर्वोच्च दर्जा ज्याला सहज मिळतो, ते कित्येकदा नाणे म्हणून एक दिवसही जगलेले नसते. त्याला सुंदर म्हणावे, त्याचा संग्रहही करावा. माझी तक्रार त्यालाच नमुना मानून बाकीच्यांना बट्टा लावण्याबद्दल आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला असा की झिजलेल्या नाण्यात माहितीच कमी असते. अक्षर गेले, साल गेले, टांकसाळीचे नाव गेले, की इतिहासाचेही नुकसानच. हे खरे आहे. राजाचा वंशक्रम आणि टांकसाळीचे स्थान ठरवायला स्वच्छ नाणेच लागते. पण एका नाण्याची माहिती आणि साठ्याची माहिती वेगळी. भरतपूरजवळ बयाना इथे १९४६ मध्ये गुप्तकालीन सोन्याचा जो साठा मिळाला, त्यातल्या १,८२१ नाण्यांची सूची अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. चंद्रगुप्त दुसरा ९८३, कुमारगुप्त ६२८, समुद्रगुप्त १८३, आणि स्कंदगुप्ताचे फक्त एक. त्या एका नाण्यावरून साठा स्कंदगुप्ताच्या आरंभीच पुरला गेला असावा हे अनुमान निघते. अशा साठ्यात आजोबांचे आणि नातवाचे नाणे आपापल्या मूळ मापापेक्षा किती हलके झाले आहे हे तोलले, तर सोने दोन पिढ्यांत किती फिरले याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी वजन आणि झीज नोंदलेली हवी. साठा फुटून उत्तम नाणी एका दारी आणि घासलेली भट्टीत गेली, की हा पुरावा संपला. कोणती आधी भट्टीत जातात हे भाव ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. छिद्राला आणि चिरेला मान दिला, तर उद्या कुणी आज पाडलेले छिद्र जुने म्हणून खपवेल. खपवेलच, यात शंका नाही. पण जुने छिद्र दोऱ्याने किंवा तारेने घासून वरच्या बाजूला किंचित लांबट होते, त्याची कड गोलावते, आणि भोवतालची झीज कडेवरूनही गेलेली दिसते. नव्या छिद्राची कड बोटाला लागते. हे भिंगाखाली बघता येण्यासारखे आहे. शिवाय फसवणुकीचा धोका गुळगुळीतपणापेक्षा चकचकीतपणात जास्त असतो. शिवराई होनासारखे नाणे मूळचेच दुर्मिळ. त्याची बनावट करणारा स्वच्छ, ठसठशीत होनच बनवतो, कारण आकडेवाल्या बाजाराला तोच हवा असतो.

आणि या होनापाशीच प्रतवारीचा प्रश्न सर्वांत अडचणीचा होतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, एवढेसे नाणे. ते राज्याभिषेकाच्या मानापुरते पाडले गेले की देवघेवीत फिरले? सभासद ते खजिन्यात मोजतो, म्हणजे होते एवढे ठरते. फिरले की नाही, हे बखर सांगू शकत नाही. ते सांगेल ती अक्षरांच्या उंचवट्यांवरची झीज, पावणेतीन ग्रॅममधून गेलेले एक-दोन तांदूळ, कुण्या पोतदाराने कडेला मारलेला टोचा. एखादा विक्रेता गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी असा होन तेजाबात उजळून आणतो, तेव्हा सोने बहुतेक तेवढेच राहते आणि उजळणी पकडली गेली नाही तर आकडाही कदाचित एखाद्या घराने वर सरकतो. कडेचा तो टोचा मात्र आता तीनशे वर्षांपूर्वीचा की गेल्या आठवड्यातला, हे भिंग लावूनही ठरत नाही.